कोकणीपण इंग्रजांनी दिलं का?

प्रश्न: माझा भाचा मुंबईत फिलॉसॉफी घेऊन एमए करतोय. गणपतीत घरी आला तेव्हा म्हणाला, मामा, तुम्ही 'आम्ही कोकणी' म्हणून छाती फुगवता ना, ते सगळं इंग्रजांनी गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीची पुस्तकं) आणि खानेसुमारीत (म्हणजे जनगणनेत) तयार केलेलं आहे. मला उत्तर देता आलं नाही. खरंय का हे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: भाच्याचं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालणं सगळ्यात कठीण.

कोकण हे नाव काही साहेबाने ठेवलेलं नाही. गोव्याचे कदंब राजे इंग्रज यायच्या कितीतरी शतकं आधी स्वतःला कोंकणचक्रवर्ती म्हणवून घेत होते. पण हद्द म्हणाल तर ती सैलच होती, सप्तकोंकणाच्या जुन्या यादीत तर पार केरळ येतं! हद्द पक्की कुणाला लागते, तर ज्याला सारा वसूल करायचाय आणि पलटणीत माणसं भरायचीत त्याला. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि हे काम सुरू झालं, मग १८८० साली रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर छापून आलं, त्यात पिकं, बंदरं, नद्या आहेतच पण कुठली जात स्वभावाने कशी तेही ठोकून लिहिलंय. ज्ञान आणि सत्ता एकमेकांना पोसतात असं फ्रेंच तत्त्वज्ञ फुको म्हणतो (भाच्याने वाचला असणारच), त्याचा नमुना बघायला पॅरिसला जायला नको. त्याच १८८० साली खोतीचा कायदा आला. खोत म्हणजे गावाचा सारा कुळांकडून वसूल करून सरकारात भरणारा वतनदार. खोत आणि कुळं यांची वहिवाट गावागावात वेगळी, त्यावरून भांडणंही जुनीच, पण एकदा ती सरकारी दप्तरात चढली की भांडण कचेरीत जातं आणि तिथे ज्याला कागद वाचता येतो तोच पुढे. ही खोती जायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं, आंबेडकरांनी १९३७ लाच विधिमंडळात बिल आणलं होतं तरी.

आता भाचा जे विसरतोय ते. इंग्रजांनी खाने पाडले म्हणून लोक त्यात गप्प बसून राहिले असं झालेलं नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून पेन्शन घेऊन दापोलीत राहिलेले. १८९० च्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, का तर म्हणे ही लढवय्यी जात नाही. वलंगकरांनी १८९४ साली अर्ज तयार केला, त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, पिढ्यानपिढ्या लढत आलोय असं मांडलं. म्हणजे 'लढवय्यी जात' हा खाना साहेबाचा, भाषा साहेबाची, पण मागणी अस्सल आपली, आणि पुढच्या दलित चळवळीची सुरुवात याच माणसापासून सांगतात. याला फसवणूक म्हणणार की डावपेच? मी तरी डावपेच म्हणेन.

आणि खान्याबाहेर विचार करणारेही इथलेच होते. शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी, १८५७ साली मुंबईत समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते आणि १८६७ साली त्यांनी निबंध लिहिला की जमीन सगळ्यांची एकत्र असावी, पीक सामाईक कोठारात जावं. यात जात, जिल्हा, कोकणी-बिगरकोकणी काही नाही. फिलॉसॉफीच्या अभ्यासक्रमात हे असतात की नाही ते भाच्याला जरूर विचारा, माझा अंदाज नाही असाच आहे.

तुमच्या दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीवर तेरेखोलची खाडी आहे ना, तिच्या उत्तर काठावरचा किल्लासुद्धा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, दोन्ही बाजूला देव तेच, सोयरीक तीच, फक्त कागद वेगळा. तो कागद गेला तरी लगेच सगळं एक झालं नाही, १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात यायला नकार दिला. म्हणजे परक्याने आखलेली रेघ लोकांनी मत देऊन स्वतःची केली. इंग्रज असो की पोर्तुगीज, नुसतं 'परक्यांनी बनवलं' म्हणून हे कसं समजणार?

तेव्हा भाच्याला म्हणा, कोणी बनवलं ते झालं, लिहून घेतल्यावर कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय गेलं ते गावाच्या जुन्या दप्तरात बघ. खोताच्या घरचे असाल तर वाचताना जरा जड जाईल.