'एक्स्पोर्ट'ला निर्यात म्हणावं का?

सांगलीहून प्रश्न आलाय: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी सी++ कंपायलरमधल्या मॉड्यूलच्या सोयीची माहिती मराठीत लिहायची आहे. 'मॉड्यूल'ला घटक, 'एक्स्पोर्ट'ला निर्यात, 'इम्पोर्ट'ला आयात आणि 'सपोर्ट'ला पाठिंबा म्हटलं तर चालेल का? (सी++ ही प्रोग्रामिंगची भाषा, कंपायलर म्हणजे तिच्यातला कोड यंत्राला चालेल अशा रूपात आणणारा प्रोग्राम, आणि मॉड्यूल म्हणजे कोडचा वेगळा ठेवलेला, दुसरीकडे वापरता येणारा भाग.)

पाठिंबा तर नकोच. पाठिंबा पक्षाला देतात, उपोषणाला देतात. 'कंपायलरमध्ये मॉड्यूलची सोय आहे' किंवा सरळ 'कंपायलरला मॉड्यूल चालतात' म्हणा. नुसतं 'सोय आहे' एवढ्यावरही थांबू नका, आवृत्ती लिहा. मॉड्यूल भाषेच्या सी++२० या आवृत्तीत आली आणि जीसीसी या कंपायलरमध्ये त्यांची सोय आवृत्ती ११ पासून आहे. पण जीसीसीच्या त्या आवृत्तीत नुसतं सी++२० निवडून भागत नाही, मॉड्यूल चालू करण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. विद्यार्थी पहिल्यांदा अडकतात ते इथेच.

'घटक' हा शब्द आधीच चार कामांना जुंपलेला आहे, म्हणून 'मॉड्यूल'च ठेवा. ते मॉड्यूल, मॉड्यूलमध्ये, ही मॉड्यूल, असं नपुंसकलिंगी चालवलं की वाक्यात कुठे अडत नाही. कंपायलरला 'संकलक' म्हणण्याचा आग्रहही सोडावा. संकलन म्हटलं की पुस्तक किंवा सिनेमा आठवतो.

आता निर्यात. तासगावची द्राक्षं निर्यात झाली की ती तासगावात राहत नाहीत. एक्स्पोर्टमध्ये तर कुठलीच वस्तू हलत नाही. फंक्शन त्याच्या मॉड्यूलमध्येच राहतं, फक्त त्याचं नाव बाहेरच्यांना दिसू लागतं. म्हणून कोडमधला शब्द 'एक्स्पोर्ट' असाच ठेवा आणि समजावताना 'नाव खुलं करणं' लिहा. 'इम्पोर्ट'साठी 'वापरायला घेणं' पुरेसं आहे. 'इन्क्लूड'चं काम मात्र निराळं आहे, तिथे हेडर नावाच्या सामायिक फाइलीचा मजकूर जागेवर अक्षरशः चिकटवला जातो. दोन्हींना 'समाविष्ट करणे' लिहिलंत तर मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्यांच्या जागी दुसरा मजकूर बसवला जातो अशी नावं) का येत नाहीत हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. नावाच्या मॉड्यूलमधून मॅक्रो बाहेर पडत नाहीत. हेडरच युनिट म्हणून इम्पोर्ट केला तर येतात.

'दिसणं' हा शब्दही जपून वापरावा. समजा 'हळद' नावाच्या मॉड्यूलमध्ये 'पावती' हे स्ट्रक्ट, म्हणजे अनेक मूल्यं एकत्र ठेवणारा प्रकार, आहे, त्यात वजन आणि दर. ते एक्स्पोर्ट केलेलं नाही. 'सौदा' हे फंक्शन मात्र एक्स्पोर्ट केलंय आणि ते पावती परत देतं. वापरणाऱ्या फाइलमध्ये 'पावती' हे नाव लिहिलं की चूक दाखवली जाते. पण सौदाचं उत्तर 'ऑटो' (प्रकार कंपायलरनेच ओळखावा असं सांगणारा शब्द) लिहून घेतलं तर वजन आणि दर दोन्ही बिनतक्रार वाचता येतात. म्हणजे पावती दिसत नाही, तरी आवाक्यात आहे. सी++च्या प्रमाणग्रंथात या दोन वेगळ्या संज्ञा आहेत आणि मराठीत 'दिसणं' व 'आवाक्यात असणं' ही जोडी त्यांना नेमकी बसते. दोन्हींना 'उपलब्ध' म्हणणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी आळशी सवय.

दुसरा घोळ फाइलींचा. आपण लिहितो तीही 'मॉड्यूल फाइल' आणि कंपायलर तिच्यापासून बनवतो तीही 'मॉड्यूल फाइल', असं लिहू नये. पहिलीला 'मूळ फाइल' म्हणा, दुसरीला 'तयार फाइल'. तयार फाइलचं शेपूट (एक्स्टेंशन) जीसीसीत जीसीएम असतं, क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये पीसीएम, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये आयएफसी. एकाची तयार फाइल दुसऱ्याला चालत नाही. त्याच कंपायलरची आवृत्ती किंवा महत्त्वाचे पर्याय बदलले तरी ती नाकारली जाऊ शकते. तेव्हा ती वाटायची वस्तू नाही, वाटायची ती मूळ फाइल.

नुसतं 'इम्पोर्ट करण्याआधी कंपाइल करा' असं लिहिलं तर काय कंपाइल करायचं तेच राहून जातं. 'पुरवणारं मॉड्यूल आधी, वापरणारी फाइल नंतर' असं लिहा. हेडरच्या काळात हा क्रम पाळायची गरज नव्हती, त्यामुळे जुन्या मेकफाइलमध्ये (काय कसं कंपाइल करायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) तो नसतो. उलटं झालं तर जीसीसी तयार फाइल वाचता येत नाही म्हणून थांबतो. त्याहून वाईट म्हणजे मागच्या वेळची तयार फाइल जीसीएम.कॅश फोल्डरमध्ये पडून असेल तर सगळं बिनबोभाट पार पडतं आणि नव्याने घातलेलं फंक्शन 'नाहीच' म्हणून सांगितलं जातं. शंका आली की ते फोल्डर पुसून सगळं पुन्हा कंपाइल करा. कंपाइल करण्याचं काम सांभाळणारं सीमेक हे साधन आवृत्ती ३.२८ पासून निंजा या जोडीच्या साधनाबरोबर हा क्रम आपोआप लावतं.

राहिलं 'पार्टिशन'. फाळणी कृपया नको, 'पोटभाग' म्हणा. तो मॉड्यूलच्या नावापुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन लिहितात आणि त्याच मॉड्यूलच्या आत इम्पोर्ट करता येतो, बाहेरून नाही. 'बाजार.हळद' यातल्या टिंबाला मात्र भाषेच्या लेखी काहीच अर्थ नाही, म्हणून 'बाजारचं उपमॉड्यूल हळद' असं लिहू नका.