याला डोंगर म्हणायचं का हो?

प्रश्न : मी साताऱ्याचा, यूपीएससीच्या क्लाससाठी सध्या दिल्लीत राजेंद्र नगरला राहतो. इथे सगळे म्हणतात अरवली दिल्लीपर्यंत येतो, पण मला तर डोंगर कुठे दिसलाच नाही, शंकर रोडला जरासा चढ आणि काटेरी झाडी, संपलं. याला खरंच डोंगर म्हणायचं का?

उत्तर : रोज अजिंक्यतारा बघत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच! पण तुमचा तो शंकर रोडचा चढ अरवलीच आहे, दिल्लीकर त्याला रिज म्हणतात. गुजरातेत पालनपूरच्या बाजूला ही रांग सुरू होते, अबूला गुरुशिखरावर १७२२ मीटर होते आणि मग राजस्थान, हरियाणा करत उतरत उतरत दिल्लीत शिरते, भाटी, तुघलकाबाद, मेहरौली, तुमच्या शेजारचा सेंट्रल रिज, मग दिल्ली युनिव्हर्सिटी आणि वझीराबादला यमुनेपाशी खलास. राष्ट्रपती भवनाखालची रायसीना टेकडीसुद्धा त्यातलीच, बांधकामासाठी तिचा माथा सुरुंग लावून सपाट केला. दिल्लीतला सगळ्यात उंच भाग भाटीकडे, तोही समुद्रसपाटीपासून ३१८ मीटरच्या आसपास, आणि शहरच मुळात २१०-२२० मीटरवर, म्हणजे उरलं काय?

उरलंय ते वय. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. रिजचा क्वार्टझाइट (वाळूचा दगड तापून-दाबून झालेला टणक दगड) शंभर कोटींहून जुना, इतकी वर्षं झिजून झिजून जे शिल्लक राहिलं ते तुम्ही बघताय. मात्र या दगडाला भेगा खूप, पावसाचं पाणी तिथूनच खाली मुरतं आणि बोअरला येतं. हाच दगड कुजून जी जाड वाळू होते ती दिल्लीत बदरपूर नावानेच विकली जायची, तिच्यासाठी भाटीला खाणी इतक्या खोल गेल्या की आता तिथे चक्क तळी आहेत.

आणि उंचीवर जाऊ नका हो. १८५७ च्या उठावात इंग्रज जून ते सप्टेंबर नॉर्दर्न रिजवर (तो दिल्ली युनिव्हर्सिटीकडचा) ठाण मांडून बसले ते शहरापेक्षा साठेक फूट उंचीच्या जोरावर. त्याआधी १७३७ ला बाजीराव दिल्लीवर धडकले तेव्हा मुघल फौजेशी चकमक झाली ती तालकटोऱ्याजवळ, म्हणजे याच रिजच्या पायथ्याला, तुमच्या रूमपासून फार लांब नाही. २०२५ मध्ये मात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच असेल तरच अरवली अशी व्याख्या सुप्रीम कोर्टाने मान्य केली होती, ओरड झाल्यावर सव्वा महिन्यात स्वतःच स्थगिती दिली. त्या हिशोबाने तुमचा शंकर रोड कधीच बाद झाला असता! मला ही मीटरपट्टी मुळातच चुकीची वाटते, पाणी मुरायला डोंगर उंच लागत नाही.

प्रश्न (त्यांचाच) : आणि ती काटेरी झाडं मूळची का?

उत्तर : छे! ती विलायती किकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. इंग्रजांच्या काळात लावली, नंतर बाकी कोणाला वर येऊच दिलं नाही. मूळचं रान बघायचं असेल तर एखाद्या रविवारी गुडगाव-फरीदाबाद रस्त्याने मांगर बनीला जा. ती देवराई आहे, गुदडिया बाबाच्या नावाने गुज्जर गावांनी राखलेली, धौ झाडांनी गच्च भरलेली (आपल्या धावड्याचाच भाऊबंद). तिथली काटकीसुद्धा उचलायची नसते, आणि पावसाळ्यानंतर गेलात तर जास्त चांगलं, मे महिन्यात नुसतंच ऊन खाऊन याल.