सोंगाड्या, विदूषक आणि खुशमस्कऱ्या

एका वाचकाने विचारलं आहे : ‘सोंगाड्या, विदूषक, खुशमस्कऱ्या हे तिन्ही शब्द हसवणाऱ्या माणसासाठीच आहेत. मग लिहिताना कुठलाही वापरला तर चालेल का?’

नाही चालणार. तिघेही हसवतात हे खरं, पण कुणाच्या आडून आणि कुणासाठी, हे प्रत्येकाचं वेगळं आहे.

सोंगाड्याच्या पोटात ‘सोंग’ आहे आणि सोंग म्हणजे संस्कृत ‘स्वांग’. दुसऱ्या कुणाचं तरी रूप घेतल्याशिवाय सोंगाड्या होता येत नाही. तमाशातली गवळण आठवून पाहा. सुरुवातीचा गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, झाला की गवळणी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या त्यांची वाट अडवतो. गवळणींची म्होरकी मावशी. ही मावशी पुरुष असते आणि ते लपवायची कुणाला गरजही वाटत नाही. डोक्यावरून पदरासारखं फडकं घेतलं, कमरेवर हात ठेवला, मान वेळावली, की झाली मावशी. पुढे बतावणीत, म्हणजे विनोदी सवालजवाबात, आणि वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, सोंगाड्या नोकर होतो, शिपाई होतो आणि एरवी जे तोंडातून काढायची सोय नाही ते राजाला तोंडावर सुनावतो. त्याला ती मुभा सोंगामुळे मिळते. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ अशाच कामांमुळे गावोगाव माहीत झाले. ज्यांनी तमाशाचा फड पाहिला नव्हता त्यांच्या तोंडी हा शब्द बसला तो १९७१ साली, दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ चित्रपट आला तेव्हा.

कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला संकासूर याच गोतावळ्यातला. कथेत तो वेद चोरणारा दैत्य. पण काळ्या पेहरावात येऊन मालवणीत बोलायला लागला की पोरंसोरंही घाबरायची सोडून हसतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग, ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही’, या वापरांमुळे सोंगाला खोटेपणाचा वास लागला आहे. फडातला सोंगाड्या हा मान, पण शेजाऱ्याला ‘सोंगाड्या’ म्हटलंत तर तो ढोंगी ठरतो.

विदूषक संस्कृत नाटकातून आला. ‘वि’ आणि ‘दूष्’, म्हणजे दूषणं देणारा, खोडी काढणारा. जातीने ब्राह्मण असूनही तो प्राकृतात बोलतो, खाण्यावर जीव टाकतो आणि नायकाची फजिती करतो. पण तो नायकाचा मित्र असतो, हे आज आपण विसरलो आहोत. ‘मृच्छकटिक’ नाटकातला मैत्रेय पाहा. नायक चारुदत्त श्रीमंत होता तेव्हा याला गोडधोड मिळायचं. चारुदत्ताला दारिद्र्य आलं, बाकीचे पांगले, तरी मैत्रेय कुरकुरत का होईना त्याच्याच घरी राहिला. म्हणून पुढाऱ्यांना हिणवायला ‘विदूषक’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. शिवी म्हणून वापरायला तो फार चांगला माणूस आहे.

शिवीच हवी असेल तर खुशमस्कऱ्या आहे. ‘मस्करा’ अरबीतून फारसीमार्गे आला, त्याला ‘खुश’ जोडला गेला. धन्याला खूश ठेवण्यासाठी थट्टामस्करी करणारा तो खुशमस्कऱ्या. हळूहळू यातली मस्करी विरली आणि नुसती खुशामत उरली. आज एकही विनोद न करता माणूस खुशमस्कऱ्या होऊ शकतो. याचं हसवणं एकाच माणसासाठी असतं आणि त्या माणसाचे दिवस फिरले की तेही थांबतं. मैत्रेयाला खुशमस्कऱ्या का म्हणता येत नाही, ते इथे कळतं.

थट्टेखोर, चेष्टेखोर, टवाळ, वात्रट, मिश्कील हे स्वभाव झाले. त्यातला टवाळ दुसऱ्याला बोचतो. मिश्कील माणूस स्वतः फारसं हसत नाही, त्याचे डोळे हसतात.

याच वाचकाने शेवटी विचारलं आहे, की एकट्याने माइकसमोर उभं राहून हसवणाऱ्या आजच्या मुलामुलींना काय म्हणावं? ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरादाराबद्दल बोलतात. सोंग नाही, म्हणून सोंगाड्या नको. नकला करत असतील तर नकलाकार म्हणा. एरवी ‘विनोदवीर’ रुळला आहे, पण तो मला फार मिरवणारा वाटतो. मी ‘हास्यकलाकार’ लिहीन.