पाच कड्यांचा अर्थ आणि फोंड्यातली पिवळी भिंत

प्रश्न: शाळेच्या क्रीडामहोत्सवासाठी मैदानाच्या भिंतीवर ऑलिंपिकची पाच वर्तुळं रंगवायची आहेत. कोणता रंग कोणत्या खंडाचा, हेही शेजारी लिहायचं आहे. भिंत पिवळी आहे, चालेल का? – क्रीडाशिक्षिका, फोंडा

उत्तर: खंडांची नावं रंगांना जोडू नका. आधुनिक ऑलिंपिकचे जनक पिएर द कुबेर्तां यांनी १९१३ मध्ये हे चिन्ह तयार केलं, तेव्हा पाच कडी म्हणजे पाच खंड (दोन्ही अमेरिका मिळून एक) एवढंच ठरलं होतं. रंगांचं कारण वेगळं. निळा, पिवळा, काळा, हिरवा, लाल आणि मागचा पांढरा या सहा रंगांत त्या काळच्या सगळ्या देशांचे झेंडे बसत. ‘आफ्रिका काळा, युरोप निळा’ ही वाटणी ऑलिंपिक समितीच्या जुन्या पुस्तिकेतही होती. पण कुबेर्तांना ती अभिप्रेत असल्याचा पुरावा नसल्याने १९५१ मध्ये ती वगळली गेली. कुठल्याही देशाच्या मुलाला आपल्या झेंड्याचा रंग तिथे सापडावा, हा खरा अर्थ, आणि तो मुलांना सांगण्याजोगा आहे.

म्हणून पांढरा हा सहावा रंगच धरा. पिवळ्या भिंतीवर थेट रंगवलं तर पिवळं कडं दिसणारच नाही. आधी २२० × १२० सेंमीचा पांढरा चौकोन करा. पावसाळ्यात धरलेलं शेवाळ खरवडून भिंत पूर्ण सुकू द्या आणि मगच प्रायमर मारा. ओल आत राहिली तर रंगाला फुगे येऊन पापुद्रे सुटतात.

वरच्या ओळीत तीन मध्यबिंदू एकमेकांपासून ६५ सेंमीवर घ्या. खालचे दोन त्यांच्या बरोबर मधोमध, ३० सेंमी खाली. प्रत्येक बिंदूवर खिळा ठोकून दोरीने २५ आणि ३० सेंमी त्रिज्येची वर्तुळं काढा. ५ सेंमी रुंदीचं कडं मिळतं आणि सगळी आकृती १९० × ९० सेंमीत बसते. वर डावीकडून निळं, काळं, लाल. खाली पिवळं, हिरवं.

चूक होते ती गुंफणीत. लगतची दोन कडी दोन ठिकाणी छेदतात. एका ठिकाणी एक वर हवं, दुसऱ्या ठिकाणी दुसरं. दोन्हीकडे एकच वर घेतलं तर नुसती एकावर एक ठेवलेली काकणं दिसतात, आणि खंड एकमेकांत गुंतलेले आहेत हा अर्थच जातो. अशी आठ ठिकाणं येतात. अधिकृत चित्र समोर धरून प्रत्येक ठिकाणी वर कोण, ते खडूने लिहून ठेवा. पिवळं आणि हिरवं आधी रंगवा, कारण पिवळा गडद रंगावर झाकत नाही. त्याला दोन-तीन हात लागतात. ती सुकल्यावर निळं, काळं, लाल घ्या, आणि जिथे खालचं कडं वर यायचं त्या चार जागी चिकटपट्टी लावून ब्रश थांबवा.

प्रश्न: त्याच चित्राखाली देणगी देणाऱ्या दुकानाचं नाव लिहिलं तर? – पालक, मडगाव

उत्तर: लिहू नका. ऑलिंपिक चिन्हाच्या व्यापारी वापराला १९८१ च्या नैरोबी कराराचं बंधन आहे आणि भारत त्यात सहभागी आहे. देणगीदाराचा फलक वेगळा, मैदानाच्या दुसऱ्या बाजूला लावा.

प्रश्न: ग्रीसमधल्या ऑलिंपियात ऑलिंपिकची ज्योत उन्हाने पेटवतात म्हणे. ढग आले तर? – विद्यार्थी, म्हापसा

उत्तर: तिथल्या हेरा देवीच्या मंदिरासमोर अंतर्वक्र आरशाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणून मशाल पेटवतात. ढग आले तरी काडी ओढत नाहीत, कारण ज्योत सूर्याकडूनच यायला हवी. त्यासाठी आधीच्या सराव दिवशी उन्हात पेटवलेली ज्योत राखून ठेवलेली असते. १६ एप्रिल २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकची मशाल पेटवताना आभाळ भरलेलं होतं; तेव्हा हीच राखीव ज्योत वापरली गेली.