सान मार्को: आधी जिना चढा, बाकीचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्लोरेन्समध्ये तीन दिवस, सोबत सत्तरीतले आई-बाबा, उफ्फिझी आणि अकादमिया या दोन मोठ्या कलासंग्रहालयांची तिकिटं काढून झालीत. आता सान मार्को हे जुन्या मठातलं संग्रहालय यादीत ठेवावं की गाळावं? शिवाय कुणीतरी सांगितलंय की तिथे एकच चित्र चाळीस वेळा काढल्यासारखं वाटतं.

ठेवा. आणि ते सांगणाऱ्यावर रागावू नका, दुसऱ्या फेरीत माझंही हेच मत झालं होतं. पहिली फेरी तर मोजायचीच नाही. अकादमिया बघून, निवांत जेवून दोनच्या पुढे पोचले तर दार बंद. चूक माझीच. हे संग्रहालय परंपरेने सकाळचं आहे, दुपारी लवकर मिटतं, आणि काही रविवार-सोमवार अजिबात उघडत नाही. जायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर वार आणि वेळ बघूनच ठरवा.

दुसऱ्या वेळी वेळेत गेले, पण परीक्षेला बसल्यासारखी. एकेका खोलीत डोकावायचं, नंबर बघायचा, पुढची खोली. पंचवीस मिनिटांत चाळीस खोल्या उरकल्या आणि बाहेर आल्यावर डोक्यात नुसते क्रूस आणि पांढऱ्या-काळ्या झग्यातले साधू उरले. घोळ कुठे झाला ते तिसऱ्या फेरीत कळलं. त्या खोल्या ओळीने बघायच्या म्हणून रंगवलेल्याच नाहीत. एका खोलीत एक साधू राहायचा, त्याला एक छोटी खिडकी आणि भिंतीवर एक चित्र. शेजारच्या खोलीत काय काढलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. पहाटे उठल्यापासून रात्री दिवा विझवेपर्यंत वर्षानुवर्षं तेच एक चित्र त्याच्यासमोर. आपण चाळीस जणांची चाळीस आयुष्यं एका दमात ढोसायला बघतो, मग अजीर्ण होणारच.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे आई-बाबांना सांगता येईल. १४३६ मध्ये पोप चौथा युजीन याने ही जागा शेजारच्या फिएझोलेतल्या डोमिनिकन, म्हणजे संत डोमिनिकच्या पंथातल्या, साधूंना दिली. इमारत मोडकळीला आली होती. पैसा दिला कोझिमो दे मेदिचीने, बांधकाम केलं मिकेलोत्सो या वास्तुकाराने. कोझिमो सावकार, आणि त्या काळी व्याज घेणं म्हणजे पाप. मठावर केलेला हा खर्च काही निव्वळ भक्तीपोटी नव्हता. चित्रं काढली त्याच पंथातल्या एका साधूने. मूळ नाव ग्विदो दी पिएत्रो, मठातलं नाव फ्रा जोव्हान्नी. फ्रा आंजेलिको हे लोकांनी नंतर दिलेलं नाव. हाताखाली मदतनीस होते, त्यात बेनोत्सो गोत्सोली हा पुढे स्वतः नावाजला. त्यामुळे सगळ्या खोल्या एका हाताच्या नाहीत, आणि ते दिसतंही.

आता क्रम. तिकीट घेतलं की तळमजल्यावरच्या दालनात रेंगाळू नका, थेट जिना धरा. अर्ध्या जिन्यावर वळण आहे. तिथे वळून मान वर केलीत की वरच्या टोकाला समोरच्या भिंतीवर देवदूत आणि मारिया दिसतात, आणि एकेक पायरी चढाल तसं चित्र जवळ येत जातं. हा 'शुभवार्ते'चा प्रसंग: देवदूत सांगायला आलाय की तुझ्या पोटी येशू जन्मणार. मारिया साध्या तिवईवर बसलेली, वर कमानींची पडवी. खाली अंगणात फिरताना दिसतात तशाच कमानी. म्हणजे साधूंना सांगणं असं की हे कुठे दूर देशात घडलेलं नाही, तुमच्याच ओसरीवर घडतंय. उजेडही डावीकडून येताना रंगवलाय. त्याच्या खाली लॅटिनमध्ये सूचना लिहिली आहे, अर्थ साधारण असा: कुमारी मातेच्या समोरून जाताना 'आवे' (मारियेला करायचं वंदन) म्हणायला चुकू नकोस. आपण देवळाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो ना, तसलीच ही सवय, फक्त भिंतीवर लेखी आठवण करून दिलेली. जिना साधूंच्या रोजच्या जाण्यायेण्याचा, म्हणून चित्र तिथे.

खोल्यांपैकी मी तुम्हाला चारच सांगेन. पहिली: मेल्यावर पुन्हा जिवंत झालेला येशू बागेत त्याच्या शिष्येला, मारिया माग्दालेनाला भेटतो, ती. तिसरी: पुन्हा शुभवार्ता, पण जिन्यावरचीच गोष्ट इतकी सोलून काढलेली की बाग नाही, फुलं नाहीत, नुसती पांढरी भिंत, देवदूत, मारिया आणि कडेला बघत उभा असलेला एक संत. सातवी मात्र कुणालाही चकवते. येशूच्या डोळ्यांवर पट्टी, आणि त्याच्याभोवती हवेत तरंगणारे सुटे हात. कुणाची काठी, कुणाची थप्पड, एक थुंकणारं तोंड. शरीरं काढलेलीच नाहीत. खाली मारिया आणि संत डोमिनिक बसलेत आणि दोघंही त्याच्याकडे बघत नाहीत. डोमिनिक तर पुस्तकात मान घालून. छळ डोळ्यांनी बघायचा नाही, मनात आठवायचा आहे. हे चित्र १४४०च्या आसपासचं आहे यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

माझ्या यादीतली चौथी म्हणजे ३८-३९ क्रमांकांची, कोझिमोची जोडखोली. बाकीच्यांना एक खोली, याला दोन. बाकीच्यांच्या भिंतींवर हात आखडून वापरलेले रंग, याच्याकडे तीन राजांचा लवाजमा, नजराणे घेऊन येशूच्या दर्शनाला आलेला. सावकाराला शोभेल असाच विषय. जानेवारी १४४३ मध्ये मठाच्या चर्चच्या अभिषेकासाठी आलेला पोप रात्री इथेच मुक्कामाला होता.

एकच चित्र चाळीस वेळा, हा आरोप खरा ठरतो तो नवशिक्या साधूंच्या खोल्यांच्या मार्गिकेत. तिथे खोलीमागून खोली डोमिनिक क्रुसासमोर, फक्त मुद्रा वेगळी: कधी गुडघ्यावर, कधी हात पसरून, कधी स्वतःला फटके मारत. प्रार्थनेचे प्रकार शिकवणारे धडेच ते. एक बघा आणि पुढे व्हा.

त्याच मार्गिकेच्या टोकाला साव्होनारोलाच्या खोल्या आहेत. हा १४९१ मध्ये मठाचा प्रमुख झाला, फ्लोरेन्सला पापाची भीती घालून चैनीच्या वस्तूंची होळी करायला लावली, आणि मे १४९८ मध्ये त्याच शहराने त्याला भर चौकात फाशी देऊन जाळलं. मला त्याच्यापेक्षा मठाच्या घंटेची गोष्ट जास्त आवडते. जमाव मठावर चालून आला तेव्हा मदतीसाठी ही घंटा वाजवली होती. तो गुन्हा ठरला. घंटा उतरवली, रस्त्यातून ओढत नेताना तिला चाबकाचे फटके दिले आणि शहराबाहेर हद्दपार केलं. १५०९ मध्ये ती परत आली. आज ती संग्रहालयातच आहे, बाबांना नक्की दाखवा.

वर असतानाच ग्रंथालयात दहा मिनिटं बसा. दोन रांगांत सडपातळ खांब, मधून लांबलचक वाट. निक्कोलो निक्कोली या पुस्तकवेड्या माणसाने जन्मभर जमवलेली हस्तलिखितं त्याच्या मृत्यूनंतर इथे आली आणि अभ्यासकांसाठी खुली झाली. चित्रं बघून शिणलेल्या डोळ्यांना ही जागा बरी.

मग खाली या. तळमजल्यावर आंजेलिकोची लाकडी फळ्यांवरची चित्रं आहेत, सोनं आणि निळाई ओसंडून वाहणारी. ही आधी बघितली तर वरच्या खोल्या गरीब वाटतात, म्हणून माझा उलट्या क्रमाचा हट्ट. वरची भिंतचित्रं ओल्या चुन्यावर केलेली: जेवढं एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा घालायचा, पाण्यात कालवलेला रंग लावायचा, चुना वाळताना रंग त्यात पक्का बसतो. अजिंठ्याचं तंत्र वेगळं, तिथे माती-शेणाच्या लेपावर कोरड्यात रंगवलंय. आणखी एक गंमत: अजिंठ्याला मधला मंडप रंगवलेला आणि भिक्षूंच्या खोल्या बहुतेक कोऱ्या. इथे उलट.

खालीच गिर्लांदायो या चित्रकाराचं 'अखेरचं भोजन' आहे, म्हणजे येशूचं शिष्यांसोबतचं शेवटचं जेवण. येशूला दगा देणाऱ्या यहूदाजवळ एक मांजर तुमच्याकडे बघत बसलंय. आईंना तेच आवडेल असा माझा अंदाज, माझ्या सासूबाईंना तेवढंच लक्षात राहिलंय.

जिन्याबद्दल: सत्तरीतल्या गुडघ्यांना सावकाश झेपेल असा आहे, पण त्रास असेल तर तिकीट खिडकीवरच सोय विचारा. दीड तास धरा. अकादमिया चालत पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे दोन्ही एकाच सकाळी जमतं. अंगात जोर उरला तर जवळच सांत'आपोल्लोनिया या जुन्या मठात कास्तान्यो या चित्रकाराचं याच विषयावरचं १४४७चं भोजनचित्र फुकट बघायला मिळतं, तिथे गर्दी जवळपास नसते.

तुमचं अकादमियाचं तिकीट किती वाजताचं आहे ते सांगा, त्याप्रमाणे सकाळ लावून देते.