सीलिअ‍ॅकसाठी जाणकार डॉक्टर कसा ओळखावा?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची उंची वाढत नाही आणि रक्तक्षयही हटत नाही. सीलिअ‍ॅकची (गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) शंका घेऊन आमच्या डॉक्टरांनी गहू बंद करायला सांगितले आहे. तज्ज्ञ कसा निवडावा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका, कारण गहू थांबवला की रक्तातील प्रतिद्रव्ये हळूहळू उतरतात, आतड्याचे अस्तर सुधारू लागते आणि मग निदान खात्रीने करणे अवघड होते.

मुलीसाठी बालपोटविकारतज्ज्ञ गाठावा. असे तज्ज्ञ बहुधा पुण्या-मुंबईसारख्या शहरांत भेटतात. पण निदान एकदा पक्के झाले, की पुढचा पाठपुरावा तुमचे स्थानिक बालरोगतज्ज्ञ त्यांच्या सल्ल्याने करू शकतात. डॉक्टरांची जाण पाटीवरून नव्हे, त्यांच्या कामावरून ओळखावी. टीटीजी प्रतिद्रव्यांसोबत (सीलिअ‍ॅकची मुख्य रक्तचाचणी) एकूण आयजीए (प्रतिद्रव्यांचा एक प्रकार; तो मुळातच कमी असल्यास टीटीजी चाचणी फसवू शकते) मोजायला ते सांगतात का, एंडोस्कोपी करायची ठरल्यास लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून एकच नव्हे तर अनेक नमुने घेतात का, आणि भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी सुचवतात का, हे पाहावे. केवळ एका रक्तचाचणीवर घाईने आजन्म पथ्य लिहून देणाऱ्यांबाबत मी तरी दुसरे मत घेईन.

सोबत आहारतज्ज्ञही हवा. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ चालतात, मात्र ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथलेच पीठ चालत नाही, आणि बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, हे तुम्ही न विचारता सांगणारा आहारतज्ज्ञ निवडावा.