वाचकांचे प्रश्न : इंजिन उघडण्याआधी आवाज नीट ऐका

प्रश्न : मागच्या दिवाळीत २०१२ची पेट्रोल गाडी सेकंडहँड घेतली. रोज सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखड वाजते, मग शांत होते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना मात्र टर्रटर्र असा वेगळाच आवाज येतो. मेकॅनिक म्हणतात, हाफ इंजिन करावं लागेल. करू का?
– एक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, इतक्यात इंजिन उघडू देऊ नका. हाफ इंजिनात रिंगा आणि बेअरिंग बदलतात. खर्च मोठा होतो, आणि तुम्ही लिहिलेले दोन्ही आवाज त्यानंतरही तसेच राहू शकतात. हे दोन आवाज वेगळे आहेत, त्यांची कारणंही बहुतेक वेगळीच निघतील.

आधी सकाळचा घ्या. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑईल खाली चेंबरमध्ये उतरतं. मारुती ८००मध्ये इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडण्यासाठी टायमिंग बेल्ट होता, पण नंतरच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत चेन आली. ही चेन ताणून धरणारा टेन्शनर अनेक गाड्यांत ऑईलच्या प्रेशरवर चालतो. प्रेशर येईपर्यंत चेन सैल राहते आणि वाजते. फिल्टरमध्ये ऑईल अडवून धरणारा रबरी व्हॉल्व असतो. फिल्टर हलक्या प्रतीचा असला की हा व्हॉल्व ऑईल नीट धरत नाही आणि प्रेशर यायला वेळ लागतो.

आणखी एक शंका मला येते. जुनी गाडी विकताना इंजिन गप्प वाटावं म्हणून काही जण २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑईल भरतात. ते गरम इंजिनाचा आवाज दाबतं, पण निफाडकडची थंडी नाशिकवर उतरली की सकाळी वर पोचायला वेळ लावतं. म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑईल आणि कंपनीचा फिल्टर घाला. जुना फिल्टर फेकू देऊ नका. तो कापून आतला कागद उलगडायला सांगा आणि उन्हात धरून बघा. चकाकणारे कण दिसले तर त्यांवर लोहचुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड आहे, चेन-गिअरकडे बघावं लागेल. चिकटले नाहीत आणि पिवळट किंवा चंदेरी असले तर बेअरिंगची शंका घ्यायची. कागद स्वच्छ निघाला तर अर्धी काळजी मिटली.

त्यानंतर ऑईल प्रेशरचा स्विच काढून तिथे गेज लावायला सांगा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला प्रेशर किती राहतं, ते त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघायचं. हा आकडा कागदावर लिहून मिळाल्याशिवाय हाफ इंजिनाला होकार देऊ नका.

आता घाटातला आवाज. वळणावर वेग पडलेला असताना तिसऱ्यातच ॲक्सिलरेटर दाबला, की डब्यात गोट्या हलवल्यासारखं वाजतं का? दुसरा गिअर टाकल्यावर थांबलं तर ते पिंगिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटतंय. पिस्टनवर साचलेला कार्बन, चुकीचे प्लग, कमी झालेलं कूलंट ही नेहमीची कारणं. याकडे दुर्लक्ष मात्र करू नका, पिस्टन खराब होतो.

खरी भीती बाळगायची ती खालून येणाऱ्या जड ठकठकीची. ती इंजिन गरम झाल्यावर अधिक स्पष्ट होते, कारण ऑईल पातळ होतं. अशा वेळी एकेका सिलिंडरच्या कॉईलचं कनेक्टर क्षणभर काढून बघतात. ज्याचं काढल्यावर ठोका मंदावतो, त्याचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं. तसं निघालं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

प्रश्न : स्टार्ट होताच गाडी चीं करते. एसी लावला की आवाज वाढतो.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बहुतेक अल्टरनेटर, एसी फिरवणारा बाहेरचा बेल्ट आहे. इंजिन चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडा. हात आणि बाह्या लांब ठेवा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला आहे. थोडा वेळ थांबून परत आला तर एखादी पुली रेषेत नाही. काहीच फरक पडला नाही तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवायला सांगा आणि अल्टरनेटर, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली), वॉटर पंप एकेक करून हाताने फिरवून बघा. जिथे खरखर लागेल ते बेअरिंग गेलं. ते वॉटर पंपाचं निघालं तर पंप बदलेपर्यंत कसारा घाट उतरू नका.